डॉक्टरांच्या दोन भेटींमधले दिवस कसे काढावेत?

प्रश्न : तळमजला (कारेलीबाग, बडोदे)

नमस्कार. माझे वय शेहेचाळीस असून मी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. गेल्या हिवाळ्यापासून माझ्यावर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. चिंताविकार आणि त्याच्या जोडीने आलेले नैराश्य असे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचा मला गुण येत आहे, हे आधीच सांगते, म्हणजे औषधे घ्यावीत की नाही या वादात चर्चा अडकणार नाही. झोप पूर्वीपेक्षा बरी लागते, अन्नाला चव लागते, शिकवण्याही पुन्हा सुरू केल्या आहेत.

माझा प्रश्न उरलेल्या दिवसाचा आहे. डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा होते. बाहेर रांग असते, त्यामुळे झोप, भूक आणि गोळ्यांचा त्रास एवढे बोलून होईपर्यंत वेळ संपतो. 'चालायला जा, मन गुंतवा' असे ते सांगतात आणि ते बरोबरही असेल. पण सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत हे नेमके करायचे कसे, ते मला उमगत नाही.

सर्वांत अवघड वेळ सकाळची. पहाटे चारच्या सुमारास जाग येते तेव्हाच छातीवर दडपण असते. डबा, चहा, सासूबाईंच्या गोळ्या, धुण्याचे मशीन, मुलाची फी असे सगळे एकदम समोर उभे राहते आणि त्यातले आधी काय करायचे हेच ठरत नाही. भाजी फोडणीला टाकायची एवढे साधे काम, पण कांदा चिरायला घ्यायचा या विचारानेच रडू येते.

दुसरी अडचण पावसाची आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते. माणसे सुखरूप राहिली, सामान गेले. तेव्हापासून आभाळ भरून आले की माझा हात फोनकडे जातो. आजव्याच्या सरोवराची पातळी किती, काळ्या घोड्याजवळच्या पुलाखाली पाणी किती, सोसायटीच्या गटात कोणी काय लिहिले, हे पाहून झाले की पुन्हा पहिल्यापासून पाहायचे. पाहिल्याने पाणी उतरत नाही, हे मला कळते. तरीही थांबवत नाही.

तिसरी गोष्ट घरातली. माणसे प्रेमळ आहेत, परंतु 'तुला काय कमी आहे' हे वाक्य दिवसाआड कानावर येते आणि त्यावर काय बोलावे ते सुचत नाही. ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जुना कारकून (दांडिया बाजार)

ताई, सकाळी सर्वांत जास्त जड वाटणे आणि दिवस कलता कलता थोडे हलके होणे, हे नैराश्याचे ओळखीचे लक्षण आहे. त्यात तुमच्या स्वभावाचा किंवा आळसाचा काही संबंध नाही. सेवानिवृत्तीनंतर मी या आजारातून गेलो आहे, म्हणून केवळ सकाळीपुरते लिहितो. चिंतेविषयी अधिक जाणकार मंडळी लिहितीलच.

आपल्या सर्वांची समजूत अशी असते की आधी उत्साह येतो आणि मग माणूस कामाला लागतो. नैराश्यात हा क्रम उलटा धरावा लागतो. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही. ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम करायचे, आणि मनाला मागून यायचे असेल तेव्हा येऊ द्यायचे. हे माझे तत्त्वज्ञान नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइनसन यांनी १९७० च्या दशकात यावर काम केले. पुढे १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की संपूर्ण विचार-वर्तन उपचारपद्धतीपैकी केवळ हा कृतीचा भाग दिला तरी रुग्णांना जवळजवळ तेवढाच लाभ होतो. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांमध्ये हेच शिकवले आणि रुग्णांना त्याचा उपयोग झाला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. गोव्यातल्या साध्या माणसांना जे जमले ते बडोद्यातही जमावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

प्रत्यक्षात मी एक वही केली होती. केलेले काम लिहायचे आणि त्यापुढे शून्य ते दहा असे दोन आकडे मांडायचे: पहिला 'जमले' याचा, दुसरा 'बरे वाटले' याचा. त्या काळातले एक पान अजून माझ्याजवळ आहे, ते जसेच्या तसे उतरवतो.

साडेसहा : तोंड धुतले, गॅलरीचे दार उघडले. जमले २, बरे वाटले ०.
सात : चहा स्वतः केला. ४, ३.
नऊ : वर्तमानपत्र, अग्रलेख अर्धाच वाचला. १, ०.
अकरा : खंडेराव मार्केटमधून पालक आणि दोडकी आणली, भाजीवालीशी दोन शब्द बोललो. ५, ५.
दोन ते पाच : पडून राहिलो. ०, ०.

या पानाने मला जे दाखवले ते कोणाच्याही सांगण्याने पटले नसते. दुपारी पडून राहणे म्हणजे विश्रांती, असे मी समजत होतो आणि तिथे दोन्हीकडे शून्य होते. ज्या बाजारात जायला मी सर्वांत जास्त कुरकुर केली, तिथे दिवसातले सर्वांत मोठे आकडे होते. त्यानंतर मी रोज रात्री दुसऱ्या दिवशीची फक्त तीन कामे आणि त्यांच्या वेळा लिहू लागलो, म्हणजे सकाळी निर्णय घेण्याचे ओझे उरत नसे. तुमचाही खरा त्रास कामाचा कमी आणि 'आधी काय' हे ठरवण्याचा जास्त दिसतो, आणि तो निर्णय रात्रीच, डोके बरे असताना उरकता येतो.

कामाचा आकारही लहान ठेवावा. 'स्वयंपाक' असे लिहू नये. 'कांदे आणि सुरी ओट्यावर काढून ठेवणे' एवढेच लिहावे. तिथे थांबावेसे वाटले तर थांबावे आणि पुढचे घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगावे. काम तरीही पूर्ण झाले असेच वहीत मांडावे. पुष्कळदा सुरी हातात आली की कांदाही चिरून होतो, पण त्याची सक्ती नाही.

चालण्याबद्दल डॉक्टर म्हणतात ते खरेच आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही मात्र त्या आकड्याकडे आज पाहू नका. कारेलीबागेतून कमाटी बाग दूर नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसवलेल्या त्या बागेत सकाळी इतकी माणसे फिरत असतात की आपण एकटे आहोत असे वाटत नाही, आणि कोणाशी बोलावेही लागत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने झोपेचे चक्रही जागेवर यायला मदत होते. फाटकापर्यंत जाऊन परत आलात, तरी ते चालणेच आहे.

उत्तर : समुपदेशिका (अलकापुरी)

काकांनी सकाळीविषयी जे लिहिले आहे त्यात मला काही भर घालायची नाही. वहीचे ते पान मी माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना दाखवू इच्छिते, त्यांची हरकत नसेल तर. मी पावसाच्या आणि फोनच्या प्रश्नाकडे वळते, कारण २०२४ नंतर आपल्या शहरात हा त्रास अनेकांना आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

ताई, तुम्ही पातळी पाहता तेव्हा दोन मिनिटे जीव थोडा खाली पडतो की नाही, हे आठवून पाहा. तो पडतो, म्हणूनच हात पुन्हा फोनकडे जातो. मेंदू त्यातून असे शिकतो की पाहिल्यामुळे आपण सुरक्षित राहिलो, आणि मग न पाहणे धोक्याचे वाटू लागते. म्हणून 'पाहूच नकोस' असे स्वतःला बजावून उपयोग होत नाही; पाहण्याला वेळ आणि जागा ठरवून द्यावी लागते. दिवसातून दोन वेळा ठरवा, समजा सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, आणि तेव्हाही महापालिकेची किंवा प्रशासनाची अधिकृत सूचनाच पाहा. सोसायटीच्या गटाचा आवाज बंद ठेवा आणि वरच्या मजल्यावरील एखाद्या शेजाऱ्याला सांगून ठेवा की खरोखर हलायची वेळ आली तर दार वाजवा. ही शेवटची व्यवस्था महत्त्वाची आहे. जबाबदारी एका विश्वासू माणसाने वाटून घेतली की पहारा देण्याची गरज मनाला तेवढी भासत नाही.

दुसरे म्हणजे, तुमच्या काळजीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सोडवून घ्या. एक काळजी अशी की जिच्यावर काही करता येते: कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवणे, फ्रीजखाली उंच चौथरा करणे, सासूबाईंची आणि तुमची पंधरा दिवसांची औषधे एका डब्यात तयार ठेवणे, गाडी कुठे नेऊन लावायची ते ठरवणे. हे एका रविवारी घरच्यांना बरोबर घेऊन करून टाका आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पूर खरोखर आलेला आहे, त्यामुळे तुमची भीती निराधार आहे असे कोणीही म्हणू नये. तयारी करणे हा त्या भीतीचा मानच आहे. दुसरी काळजी म्हणजे 'यंदा आला तर, रात्री आला तर, सासूबाईंना उचलता आले नाही तर' अशी साखळी, जिच्यावर तयारीनंतर करण्यासारखे काही उरत नाही. तिच्यासाठी काळजीची वेळ ठरवण्याची रीत आहे, जी थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीवर, अर्धा तास केवळ काळजी करायला बसायचे. दिवसभरात विचार आला की कागदावर एका ओळीत टिपायचा आणि 'पाच वाजता पाहू' असे म्हणून हातातल्या कामाकडे परतायचे. पाच वाजता तो कागद घेऊन बसायचे आणि खरोखर काळजी करायची. कित्येक ओळी तोवर निस्तेज झालेल्या असतात. ज्या उरतात त्यांवर काही करता येते का ते पाहायचे. झोपण्याच्या आधीची वेळ मात्र यासाठी निवडू नका.

आता शरीराकडे. जीव घाबरा झाल्यावर आपण भराभर आणि उथळ श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येणे, डोके हलके वाटणे, छाती आवळणे ही लक्षणे त्यातूनच वाढतात. मग लक्षणांची भीती वाटून श्वास आणखी वाढतो. 'दीर्घ श्वास घ्या' या सल्ल्याने काही जणांचा त्रास वाढतो तो याचसाठी, कारण ते अधिक हवा आत ओढतात. लक्ष श्वास सोडण्यावर ठेवावे: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास बाहेर टाकताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या द्वारे हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. पाच मिनिटे पुरेत, आणि याचा सराव बरे वाटत असताना रोज करावा, म्हणजे गरजेच्या वेळी तो आठवतो. घाबरण्याचा झटका आलाच, तर तो सहसा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि नंतर ओसरतो, हे माहीत असणेच मोठा आधार असतो. त्या वेळी डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, कानावर येणारे तीन आवाज अशी मनात नोंद करत जावे. लक्ष 'काय होईल' यावरून 'आत्ता काय आहे' यावर येते. मात्र छातीतले दुखणे पहिल्यांदाच होत असेल तर ते मनाचे आहे असे घरबसल्या ठरवू नये, हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी.

पाऊस पूर्णपणे टाळणे, पडदे लावून बसणे, हेही भीतीला खतपाणी घालते. हलक्या सरी असताना घरातल्या एखाद्या व्यक्तीसोबत गॅलरीत उभे राहावे आणि धडधड कमी होईपर्यंत थांबावे; धडधड वाढलेली असतानाच आत पळू नये. पुराची दृश्ये नकळत पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असतील, त्याची स्वप्ने पडत असतील, तर हा सराव स्वतःहून सुरू करू नका. ते आधी डॉक्टरांना सांगा, कारण आघातानंतरच्या तणावाचे उपचार थोडे वेगळे असतात.

पहाटे चारला जाग येण्याबद्दल थोडक्यात सांगते. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करून ठेवा. वीसेक मिनिटे वाट पाहूनही झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून मंद उजेडात खुर्चीवर बसा, काही साधे वाचा आणि डोळे जड झाले की परत या. रात्री कितीही कमी झोप झाली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा. दुपारी चारनंतरचा चहा बंद करून पाहा. कॅफीनचा निम्मा अंश शरीरात पाच-सहा तास राहतो आणि चिंताविकारात त्याने धडधड वाढते.

डॉक्टरांच्या भेटीत वेळ कमी पडतो, म्हणून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून न्या. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. ती मराठीत आणि गुजरातीतही उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांचा त्रास किती दिवस झाला, ते त्यात भरायचे असते आणि एकूण गुण शून्य ते २७ असतात. आकडा आणि वहीची दोन पाने समोर ठेवली की त्याच दहा मिनिटांत बरेच काही बोलून होते. आपल्याला मानसोपचाराच्या बैठकाही हव्या आहेत असे स्पष्ट सांगा. सयाजीराव रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आणि कारेलीबागेतील शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालयातही याची चौकशी करता येईल. दुसरे ठिकाण तर तुमच्या घराजवळच आहे. त्या इमारतीचे नाव काढले की आपल्याकडे अजूनही आवाज खाली जातो, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर : भाविक (मांजलपूर)

ताई, सर्वांनी उत्तम लिहिले आहे. मला एवढेच सांगावेसे वाटते की पहाटे चारला जाग येते, तर ती वेळ नामस्मरणाची आहे असे समजा. माझ्या आईला अशाच काळात जपाने आणि हरिपाठाने मोठा आधार दिला. गोळ्यांची मात्र सवय लागते असे ऐकतो, म्हणून बरे वाटू लागल्यावर त्या हळूहळू आपणच कमी कराव्यात असे वाटते. चुकत असल्यास सांगावे.

उत्तर : औषधविक्रेता (रावपुरा)

दादा, जपाविषयी आपण लिहिले ते अगदी योग्य आहे. एका लयीत केलेल्या पठणाने श्वास आपोआप मंदावतो आणि मनाला धरायला काही मिळते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते अवश्य करावे. गोळ्यांविषयीचे वाक्य मात्र मी नम्रपणे दुरुस्त करू इच्छितो, कारण याच समजुतीने औषध सोडून पुन्हा आजारी पडलेली माणसे माझ्या काउंटरवर येतात.

एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यावरील गोळ्यांची व्यसनासारखी ओढ लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला त्याहून अधिक. पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते आणि ती बहुधा जाते. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने तरी त्या चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो, कारण लवकर थांबवल्यास आजार उलटण्याची शक्यता असते. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड असा त्रास होतो, आणि लोक त्यालाच 'सवय लागली' असे समजतात. कमी करायच्या असतातच, पण डॉक्टर सांगतील त्या वेळी आणि त्या पायऱ्यांनी. सवय लागण्याचा धोका आहे तो अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातील गोळ्यांचा. त्या थोड्या काळासाठीच दिलेल्या असतात. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घेऊ नये आणि जुन्या चिठ्ठीवर मागू नये. त्याही मनाने एकदम बंद करू नयेत. दोन्ही गट एकाच पुडीत मिळतात, म्हणून हा गोंधळ होतो. आपल्या पुडीतील कोणती गोळी कशासाठी आहे, हे ताईंनी पुढच्या भेटीत विचारून पाकिटावर लिहून ठेवावे.

उत्तर : सहचर (मकरपुरा)

मी रुग्ण नाही, रुग्णाचा नवरा आहे, आणि 'तुला काय कमी आहे' या वाक्याबद्दल लिहिण्यासाठी आलो आहे.

ताई, हे उत्तर तुमच्या घरच्यांना वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. हा आजार कमतरतेतून येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५–१६ मध्ये गुजरातसह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यातील बहुसंख्य लोक उपचारांविना होते. म्हणजे आपल्या सोसायटीच्या प्रत्येक जिन्यावर कोणी ना कोणी असणार, फक्त ते सांगत नाहीत. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. शाकाहारी घरांत ब-१२ कमी असणे नवलाचे नाही, आणि या तिन्हींच्या बिघाडाने थकवा आणि उदासी वाढते.

आमच्या घरात ज्याने फरक पडला त्या गोष्टी लहान होत्या. आम्ही कारण विचारणे सोडले. 'काय झाले, का रडतेस' या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसे आणि उत्तर नाही म्हणून तिला आणखी अपराधी वाटे. त्याऐवजी 'जवळ बसू का, की पोळ्या मी लाटू' असे विचारू लागलो, ज्याला मान हलवूनही उत्तर देता येते. सकाळी ती शून्य ते दहामधला एक आकडा सांगते आणि त्यावरून त्या दिवशीची कामे वाटली जातात. त्यावर चर्चा होत नाही. सगळी कामे काढून घेणेही आम्ही टाळले. तुळशीला पाणी आणि संध्याकाळचा दिवा ही दोन कामे तिचीच राहिली, कारण घरात आपली गरज उरली नाही असे वाटणे या आजारात फार घातक असते. आईला समजावणे अवघड होते. तिला मी एकदा डॉक्टरांकडे बरोबर नेले. जे माझ्या तोंडून वर्षभर पटले नव्हते ते त्यांच्या तोंडून एका भेटीत पटले. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

एक गंभीर गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. जगणे नकोसे वाटते असे विचार कधी आले, तर ते मनात ठेवू नका. घरच्यांनीही हा प्रश्न सरळ शब्दांत विचारावा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. अशा काळात गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात असावा आणि माणसाला एकटे ठेवू नये. टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, गुजरातीत आणि मराठीतही. तातडीच्या प्रसंगी मात्र १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

खर्चाची चिंता असेल तर एवढे ठाऊक असावे की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या पॉलिसीतील अटी मात्र वाचून घ्याव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर : तळमजला (कारेलीबाग)

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. काल रात्री तीन कामे लिहून ठेवली होती: सासूबाईंच्या गोळ्या, धुण्याचे मशीन लावणे, आणि कांदे ओट्यावर काढून ठेवणे. तिन्ही झाली, पोळ्या मात्र मुलाने बाहेरून आणल्या. सहचर यांचे उत्तर यजमानांना वाचायला दिले आहे. त्यांनी ते वाचून रविवारी माळा आवरू एवढेच म्हटले, आणि मला ते पुरेसे वाटले. पातळी पाहण्याच्या दोन वेळा कपाटावर लिहून लावल्या आहेत. मधे एकदा फोन उचलला गेला, पण गट उघडला नाही.

आणखी एक विचारते. पुढच्या महिन्यात गणपती आहेत. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि दर्शनाला दोन्ही दिवस माणसांची रीघ असते. पाहुणे आले की मला हसून बोलता येत नाही, आणि आत जाऊन बसले तर नावे ठेवली जातात. त्यानंतर नवरात्र आहेच. हे सगळे यंदा टाळावे का?

उत्तर : समुपदेशिका (अलकापुरी)

ताई, पूर्ण टाळू नका आणि पूर्ण अंगावरही घेऊ नका. टाळल्याने त्या दिवशी सुटल्यासारखे वाटेल, परंतु पुढच्या वेळी तेच अधिक अवघड होईल. आपला वाटा आधीच ठरवून घरात सांगून ठेवा: आरतीच्या वेळी मी बाहेर असेन, आणि पाहुण्यांच्या गर्दीत पाऊण तासाने मी आत जाऊन पडेन. बाहेरच्यांना उत्तर यजमानांनी द्यायचे. 'डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे' हे वाक्य पूर्ण आहे, त्याला पुढे स्पष्टीकरण जोडायचे नाही. हसून बोलण्याचे ओझे नको असेल तर हाताला काम घ्या. प्रसादाचे द्रोण भरणाऱ्या माणसाकडून कोणी गप्पांची अपेक्षा करत नाही. मोदक यंदा दांडिया बाजारातून विकत आणा, सासूबाईंशी त्याबद्दल आजच बोलून घ्या. त्या दोन दिवसांत गोळीची आणि झोपेची वेळ मात्र चुकवू नका. जागरण हे तुमच्यासाठी यंदा नाहीच. नवरात्रातही हाच हिशेब ठेवा. गरब्याला मैदानाच्या कडेला, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ खुर्ची घेऊन अर्धा तास बसा, सोबतच्या एका व्यक्तीशी निघण्याची खूण ठरवून ठेवा, आणि तिने खूण पाहताच कारण न विचारता उठायचे हे तिला आधीच सांगा.

पुढची डॉक्टरांची भेट गणपतीच्या आधी येत असेल तर प्रश्नावली तेव्हा भरून न्या. सणानंतर पुन्हा भरली की दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.